गुडघा अर्धा बदलायचा की पूर्ण? एक्स-रेपासून फिजिओपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६४, वजन ७८ किलो, मधुमेह. उजवा गुडघा आतल्या बाजूने काही वर्षं दुखतोय, आता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत चालणंही होत नाही. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं, बाहेरची फट शाबूत. एमआरआयच्या रिपोर्टात ‘एसीएलमध्ये बिघाड’ (एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला, हाडं जोडून ठेवणारा एक बंध, लिगामेंट) आणि ‘वाटीमागे ग्रेड ३ झीज’. एका सर्जननी अर्धा गुडघा, म्हणजे फक्त झिजलेली बाजू बदलणं, सुचवला, दुसऱ्यांनी ‘पूर्णच करून टाका, परत परत कशाला’ म्हटलं, तिसरीकडे रोबोटचं पॅकेज. जमिनीवर बसणं आणि गावच्या घरातला बैठा संडास जमेल का, हेही विचारलंय.

आधी उत्तर. वर्णन बरोबर असेल तर हा गुडघा अर्ध्या रोपणासाठी योग्य दिसतो. मात्र दोन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे तसं सांगू नये. एक म्हणजे स्ट्रेस एक्स-रे, म्हणजे पाय रेटून धरून काढलेला, जो बहुतेक वेळा काढलेलाच नसतो. दुसरी म्हणजे ऑपरेशन करणारा सर्जन अर्धे गुडघे नेमाने करतो का. वय, वजन, मधुमेह आणि रोबोट यांचा नंबर त्यानंतर लागतो.

गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतला म्हणजे दुसऱ्या पायाकडचा, बाहेरचा, आणि वाटी व मांडीच्या हाडाच्या मधला. आपल्याकडे बहुतेकांची झीज आतल्या कप्प्यात सुरू होते आणि पाय कमानदार होत जातात. पण ‘आतली बाजू झिजली’ एवढ्यावर निर्णय होत नाही. आतल्या झिजेचे दोन वेगळे टप्पे आहेत. १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या सर्जननी ऑपरेशनमध्ये कापून काढलेले नडगीच्या हाडाचे तुकडे तपासून त्यातला पहिला नमुना मांडला. पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजेच एसीएल, काम करत असतो तोवर झीज आतल्या कप्प्याच्या पुढच्या आणि मधल्या भागातच राहते, मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, टिकते. गुडघा वाकवला की मांडीचं हाड त्या शाबूत मागच्या कूर्चेवर टेकतं, त्यामुळे आतल्या बाजूचा लिगामेंट, एमसीएल, रोज पूर्ण लांबीपर्यंत ताणला जातो आणि आखडत नाही. एसीएल गेला की मांडीचं हाड मागे घसरतं, झीज मागच्या कडेपर्यंत पोहोचते, एमसीएल आखूड होतो, वाकडेपण पक्कं होतं आणि मग बाहेरचा कप्पाही बिघडू लागतो. पहिल्या टप्प्यात अर्धं रोपण उत्तम चालतं. दुसऱ्या टप्प्यात ते केलं तर फसतं, मग सर्जन कितीही नामांकित असो.

हा टप्पा ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. साधे एक्स-रे पुरतात, फक्त ते नीट काढलेले हवेत. उभं राहून समोरून काढलेला एक तर हवाच. त्यात फट थोडी शिल्लक दिसली तर गुडघा ४५ अंश वाकवून, उभ्यानेच, मागून पुढे किरण टाकून दुसरा काढायचा. मागच्या बाजूची झीज सरळ पायात लपते ती यात उघडी पडते. बाजूने काढलेला एक्स-रे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात बोलका: नडगीच्या पठारावरची खळगी पुढे आणि मध्ये असून मागची कड शाबूत असेल, तर एसीएल बहुतेक काम करतोय. खळगी मागच्या कडेला पोहोचली असेल, तर तो गेलाय असं धरावं. वाटीसाठी गुडघा वाकवून वरून काढलेला ‘स्कायलाइन’ फोटो.

आणि शेवटी तो राहिलेला स्ट्रेस एक्स-रे. रुग्ण झोपलेला, गुडघा साधारण २० अंश वाकवलेला, आणि डॉक्टर हाताने पाय बाहेरच्या दिशेला रेटून धरतात. या दाबाखाली दोन गोष्टी बघायच्या. आतली फट उघडून पाय पूर्वीच्या सरळपणाला येतो का? आला तर एमसीएल आखडलेला नाही. आणि बाहेरच्या कप्प्याची फट, दाब येऊनही, किमान ५ मिलिमीटर राहते का? राहिली तर तिथली कूर्चा पूर्ण जाडीची आहे. पाच मिनिटांचं काम आहे. अर्धा गुडघा सुचवणाऱ्या सर्जननी हा एक्स-रे काढला नसेल तर ‘काढाल का?’ असं सरळ विचारावं, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

हाडाला हाड टेकलेलं असणं ही अट उलट्या बाजूनेही महत्त्वाची आहे. कूर्चा अर्धीच झिजलेली, फट थोडी शिल्लक, पण एमआरआयमध्ये सूज आणि मेनिस्कस (हाडांमधली कूर्चेची चकती) फाटलेला दिसतो म्हणून ‘लवकर, लहान ऑपरेशन’ या समजुतीने अर्धा गुडघा बसवला जातो. त्या रुग्णांत दुखणं न जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. अर्धं रोपण लहान असलं तरी ते अर्धवट आजारासाठी नाही. आजार एका कप्प्यापुरता आणि तिथे शेवटाला गेलेला हवा.

आता एमआरआयकडे. झिजलेल्या गुडघ्यात एसीएलमध्ये बदल झालेले जवळजवळ नेहमीच दिसतात आणि रिपोर्ट लिहिणारे ते नोंदवतात, त्यांचं ते कामच आहे. पण फोटोत खराब दिसणारा लिगामेंट प्रत्यक्षात ताणाला उभा राहतो, असं वारंवार होतं. तपासणीच्या टेबलावरचा हात आणि बाजूचा एक्स-रे यांचा शब्द इथे वरचढ. खरी खात्री गुडघा उघडल्यावर होते, तेव्हा लिगामेंटला आकडा लावून ओढून बघतात. म्हणून अर्धा गुडघा ठरला तरी संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास पूर्ण’ असं लिहिलेलं असावं आणि पूर्ण गुडघ्याचा सेट थिएटरमध्ये तयार असावा. एसीएल तुटलेला किंवा बाहेरच्या कप्प्याच्या मधोमध खोल झीज सापडली, तर त्याच बैठकीत पूर्ण रोपण करणं योग्य असतं. रुग्णाला उठल्यावर धक्का बसू नये, एवढ्यासाठी हे आधी बोलून ठेवायचं.

वाटीमागची ग्रेड ३ झीज पाहून बरेच जण अर्धा गुडघा नाकारतात. इतक्या घाईने नाकारण्याचं कारण नाही. वाटीच्या आतल्या अर्ध्या भागात झीज असेल तर कमानदार पाय सरळ झाला की तिथला भार कमी होतो आणि निकालावर तिचा ठळक परिणाम दिसत नाही. वाटीच्या बाहेरच्या भागात हाड घासून खाच पडली असेल, वाटी सरकलेली असेल, तर मात्र अर्धा नको. जिना उतरताना पुढून दुखणं हेही एकट्याने आडवं येत नाही.

वजन आणि वयाची जुनी यादी अजून फिरते आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या दोन सर्जननी मांडलेल्या निकषांत वय ६० च्या वर, वजन ८२ किलोच्या खाली, फार हालचाल नसलेला माणूस, असं होतं. नंतरच्या मोठ्या मालिकांत, विशेषतः सरकत्या बेअरिंगच्या, म्हणजे मधली गादी हलती असलेल्या, रोपणात, या अटी मोडलेल्या रुग्णांचे निकाल वाईट निघाले नाहीत. त्यामुळे ७८ किलो हा मुद्दाच नाही. खऱ्या अडचणी वेगळ्या: आमवात किंवा सोरायसिससारखा सूज आणणारा संधिवात (त्यात उरलेले कप्पेही पुढे जातात), १५ अंशांपेक्षा जास्त न सुटणारा वाक, गुडघा १०० अंशांपर्यंतही न वाकणं, आणि आधी नडगी कापून पाय सरळ करण्याचं ऑपरेशन झालेलं असणं. पंचेचाळीस-पन्नाशीतला कष्टाचं काम करणारा, कमानदार पायाचा आणि कूर्चा थोडी शिल्लक असलेला माणूस असेल, तर हाड कापून भार बाहेरच्या बाजूला वळवण्याचं ते ऑपरेशन आधी विचारात घ्यावं. तुमच्या आईंना ते लागू नाही.

दोन्ही ऑपरेशनांत नेमकं काय काढतात ते कळलं की पुढचे फायदे-तोटे आपोआप उलगडतात.

पूर्ण रोपणात मांडीच्या हाडाचं टोक सुमारे ९ मिलिमीटर कापतात, मग पुढून, मागून आणि दोन तिरके असे मिळून पाच काप घेऊन त्यावर कोबाल्ट-क्रोमची टोपी सिमेंटने बसते. नडगीचं पूर्ण पठार, चांगल्या बाजूने मोजून ८ ते १० मिलिमीटर, सपाट कापतात, त्यावर धातूची पट्टी आणि त्यात पॉलिथिलीनची गादी. दोन्ही मेनिस्कस आणि जवळजवळ सर्व डिझाइनमध्ये एसीएल काढून टाकला जातो. मागचा क्रूसिएट ठेवतात, किंवा तोही काढून त्याचं काम गादीवरच्या खुंटीला देतात. वाटीमागे प्लास्टिकची चकती बसवायची की नाही यावर सर्जनांत आजही दोन तट आहेत. कितीही वाकडा, कितीही कप्पे गेलेला गुडघा यात सरळ करता येतो. पूर्ण रोपणाचा खरा जोर हाच.

अर्ध्या रोपणात छेद साधारण ७ ते १० सेंटिमीटर. नडगीच्या फक्त आतल्या अर्ध्या भागाची पातळ चकती काढतात, मांडीच्या हाडाचा आतला गोळा थोडा घासतात किंवा कापतात, आणि मध्ये ३-४ मिलिमीटरपासून सुरू होणारी गादी बसते. दोन्ही क्रूसिएट, बाहेरचा कप्पा, वाटी, सगळं जागेवर राहतं. म्हणून चालताना गुडघा ‘आपला’ वाटतो, जिन्यावर विश्वास लवकर येतो. पण इथे लिगामेंट सैल करून तोल साधायची मुभा नाही. पूर्ण रोपणात सर्जन एमसीएल थोडा सोडवून पाय सरळ करतो. अर्ध्यात तो लिगामेंट हात न लावता तसाच ठेवायचा आणि गादीची जाडी त्याच्या नैसर्गिक ताणाइतकीच निवडायची. एक आकार जाड गादी घातली, पाय ‘छान सरळ’ किंवा किंचित उलट झाला, की सगळा भार बाहेरच्या कप्प्यावर जातो आणि काही वर्षांत तो झिजतो. ऑपरेशननंतर पाय जरासा कमानदार राहिला तर नातेवाईक नाराज होतात. अर्ध्या गुडघ्यात ते बहुधा मुद्दाम राखलेलं असतं.

आता आकडे, कारण ‘परत परत कशाला’ हा मुद्दा आकड्यांवरच उभा आहे.

अनेक देशांच्या सांधेरोपणांच्या नोंदवह्या एकत्र करून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात २५ वर्षांनंतर पूर्ण रोपणांपैकी सुमारे ८२ टक्के आणि अर्ध्यांपैकी सुमारे ७० टक्के टिकून होती. इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या एक लाखाहून जास्त रुग्णांच्या २०१४ च्या विश्लेषणात आठ वर्षांत रोपण बदलावं लागण्याचा धोका अर्ध्यात सुमारे दुप्पट दिसला. दुसऱ्या सर्जनचं म्हणणं इथून येतं आणि ते खोटं नाही.

पण त्याच विश्लेषणाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. अर्ध्या रोपणात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, खोल जंतुसंसर्ग, रक्त चढवावं लागणं आणि मृत्यू, हे सगळं कमी होतं. लेखकांनी हिशोब मांडला: पूर्ण रोपण झालेल्या १०० जणांना त्याऐवजी अर्धं केलं असतं, तर पहिल्या चार वर्षांत साधारण एक मृत्यू कमी आणि तीन पुनर्शस्त्रक्रिया जास्त झाल्या असत्या. ६४ वर्षांच्या मधुमेही बाईसाठी या वाक्याचं वजन टिकाऊपणाच्या टक्क्यांइतकंच आहे.

शिवाय ‘बदलावं लागलं’ या आकड्यात सर्जनचा कलही मिसळलेला असतो. अर्धा गुडघा दुखत राहिला तर तो काढून पूर्ण करणं तुलनेने सोपं, त्यामुळे सर्जन लवकर तयार होतात. पूर्ण गुडघा तितकाच दुखत असला तरी तो बदलणं अवघड, म्हणून ‘थोडं सहन करा’ असं सांगितलं जातं. न्यूझीलंडच्या नोंदवहीवरच्या २०१० च्या अभ्यासात अतिशय वाईट निकाल असलेल्यांपैकी अर्ध्या रोपणाचे सुमारे ६३ टक्के रुग्ण पुन्हा ऑपरेट झाले होते, पूर्ण रोपणाचे फक्त १२ टक्के. म्हणजे न बदललेला प्रत्येक पूर्ण गुडघा सुखी नसतो. पूर्ण रोपणानंतर दहातले एक ते दोन जण समाधानी नसतात, हे जगभर आढळलेलं आहे.

समोरासमोर तुलना ब्रिटनमध्ये झाली. २७ केंद्रं, ५२८ रुग्ण, अर्धं की पूर्ण हे चिठ्ठीसारखं यदृच्छेने ठरवलेलं. पाच वर्षांनंतर दुखणं आणि हालचाल यांना दिलेले ४८ पैकी गुण (जास्त तितके चांगले) अर्ध्याचे ३८ आणि पूर्णाचे ३७, म्हणजे व्यवहारात सारखेच. पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाणही जवळपास सारखं. अर्ध्याचा खर्च कमी निघाला. मात्र तिथले रुग्ण एकाच कप्प्याची झीज असलेले, नीट निवडलेले होते.

मग नोंदवहीत दुप्पट आणि चाचणीत सारखं, हे कसं? मोठं कारण सर्जनचा सराव. ज्यांच्या एकूण गुडघ्यांपैकी २० टक्के किंवा अधिक अर्धे असतात, त्यांचे अर्धे गुडघे बरेच जास्त टिकतात; पाच टक्क्यांच्या खाली असणाऱ्यांचे निकाल सगळ्यात वाईट. वर्षाला दोन-तीन करणारा सर्जन निवडही चुकवतो आणि गादीचा तोलही. म्हणून माझं मत असं: नेमाने करणारा सर्जन उपलब्ध असेल आणि स्ट्रेस एक्स-रे पास झाला, तर अर्धा. ज्यांच्यावर विश्वास आहे ते सर्जन फक्त पूर्णच करत असतील आणि दुसरीकडे जाणं शक्य नसेल, तर त्यांच्या हातचा चांगला पूर्ण गुडघा हौशी अर्ध्यापेक्षा केव्हाही बरा. ‘अर्धा करून दाखवतो’ म्हणणाऱ्याला आग्रह करू नये.

वयाचा संबंध इथे येतो. ब्रिटनच्या नोंदींवरून सत्तरीनंतर पूर्ण रोपण करणाऱ्याला उरलेल्या आयुष्यात ते बदलावं लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे पन्नाशीत कुठलंही रोपण करा, दुसऱ्या ऑपरेशनची तयारी मनात हवी, आणि अर्ध्यावरून पूर्णावर जाणं हे पूर्णावरून पुन्हा पूर्णावर जाण्यापेक्षा सोपं असतं. बहुतेकदा नेहमीचंच पूर्ण रोपण बसतं. नडगीच्या आतल्या बाजूला हाड कमी पडलं तर दांडी किंवा धातूची पाचर जोडावी लागते, म्हणून ‘बदलायला अगदीच सोपं’ ही जाहिरातही अर्धसत्यच.

काय बिघडतं, तेही दोन्हीत वेगळं आहे. अर्ध्यात सरकती गादी निसटू शकते: अचानक कट्‌ असा आवाज, गुडघा अडकतो, टेकवत नाही. खोल वाकण्याची सवय असलेल्या आशियाई रुग्णांत हे जास्त दिसतं, म्हणून उकिडवं बसल्याशिवाय ज्यांचं चालतच नाही त्यांच्यासाठी पक्क्या गादीचं रोपण मला बरं वाटतं. नडगीचा उभा काप जरा खोल गेला किंवा पिनांची भोकं जास्त झाली तर पहिल्या काही आठवड्यांत आतलं पठार मोडू शकतं. हाडं ठिसूळ असलेल्या, लहान चणीच्या बायकांत याची काळजी जास्त. पुढे बाहेरच्या कप्प्याची झीज आणि रोपण सैल होणं. यात एक फसवी गोष्ट आहे. अर्ध्या गुडघ्याच्या पट्टीखाली एक्स-रेत एक-दोन मिलिमीटरची, कडेला पांढरी रेघ असलेली पातळ काळी रेषा बऱ्याच जणांत दिसते आणि ती निरुपद्रवी असते. शिवाय नडगीच्या आतल्या बाजूला पहिले काही महिने, कधी वर्षभर, ठणका राहतो, कारण तिथल्या हाडाला नव्या भाराची सवय व्हायची असते. ही रेषा आणि हा ठणका यांची बेरीज करून ‘सैल झालंय, बदला’ असं कोणी पहिल्या वर्षात म्हणालं, तर अर्धे गुडघे नेमाने करणाऱ्या दुसऱ्या सर्जनला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

पूर्ण रोपणात ताठरपणा ही रोजची डोकेदुखी. जंतुसंसर्ग साधारण एक ते दोन टक्के, अर्ध्यात त्याहून कमी. घटक चुकीच्या कोनात फिरून बसला तर वाटी नीट सरकत नाही आणि पुढून दुखतं. लिगामेंटचा तोल चुकला तर जिना उतरताना गुडघा दगा देतोय असं वाटतं. छेदाच्या बाहेरच्या बाजूची बधिरता मात्र बिघाड नाही, त्वचेची लहान नस छेदात जातेच. गुडघा गरम लागणंही सहा महिने चालतं.

जमिनीवर बसण्याबद्दल सरळ सांगतो. ऑपरेशननंतर किती वाकेल हे सगळ्यात जास्त आधी किती वाकत होतं त्यावर ठरतं. पूर्ण रोपणात बहुतेकांचा गुडघा ११० ते १२५ अंश वाकतो, उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. अर्ध्यात आधीचं वाकणं जवळजवळ तसंच परत मिळतं, त्यामुळे मांडी घालणं अनेकांना जमतं. ‘हाय-फ्लेक्स’ नावाच्या रोपणाने हे चित्र फारसं बदललेलं नाही. पूजेला मांडी घालून थोडा वेळ बसलं तर आकाश कोसळत नाही. बैठ्या संडासावर मात्र रोज दोन वेळा गुडघ्याला पूर्ण मिटवून, त्यावरच भार देऊन उठायचं, हे कुठल्याही रोपणाला नको. गावच्या घरी ऑपरेशनच्या आधीच कमोड किंवा निदान कमोडची खुर्ची आणि भिंतीला पकडायला दांडा करून घ्या.

रोबोट हाड ठरल्याप्रमाणे कापतो आणि तोलाचे आकडे पडद्यावर दाखवतो. अर्ध्या गुडघ्यात, जिथे एक-दोन मिलिमीटरवर खेळ आहे, तिथे त्याचा उपयोग पूर्णापेक्षा जास्त पटण्यासारखा आहे. पण रुग्ण निवडायचं काम तो करत नाही, आणि त्याने रोपण जास्त वर्षं टिकतं हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. सोनेरी रंगाच्या लेपाचे गुडघे हे धातूची खरी ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. इतरांनी रंगाचे पैसे द्यायची गरज नाही. किमतीबद्दल: ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणांवर कमाल मर्यादा आणली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम पूर्ण रोपणाची मर्यादा कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. पॅकेजमध्ये रोपणाची किंमत, थिएटर, खोली, रोबोटचं शुल्क हे वेगवेगळं लिहून मागा, आणि रोपणाचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. दहा वर्षांनी कोणाला ते बदलायचं झालं तर मेक आणि साइझ माहीत असणं फार कामाला येतं.

तारीख ठरण्याआधी मधुमेहाचं बघा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८ च्या खाली, जमल्यास ७.५ च्या आसपास हवी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. हे तुमच्या फिजिशियनकडून लिहून घ्या, मनाने बंद करू नका. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तीन महिने थांबायचं. किडके दात, टाचांच्या खोल भेगा, बोटांमधल्या चिखल्या, जांघेतलं गजकर्ण हे सगळं आधी बरं करायचं, कारण जंतू बहुधा आपल्याच कातडीवरून आत जातात. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही आधी वाढवायचं. दुसराही गुडघा खराब असला तरी दोन्ही एकाच वेळी करण्याचा आग्रह मधुमेह आणि हृदयाची तक्रार असताना धरू नये.

ऑपरेशननंतर दोन्ही प्रकारांत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. त्यापुढे फिजिओचा सूर बदलतो. पूर्ण गुडघ्यात पहिले सहा आठवडे लढायचे असतात: दोन आठवड्यांत ९० अंश आणि सहा आठवड्यांत ११० च्या जवळ वाकणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होणं. गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं आणि तिथेच घात होतो. वाक तसाच बसतो आणि माणूस कायमचा लंगडतो. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली, गुडघा हवेत, आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद, दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. सहा-आठ आठवड्यांनी वाकणं ९० च्या खालीच असेल तर भूल देऊन गुडघा वाकवून द्यावा लागतो, आणि ते तिसरा महिना संपायच्या आत केलं तरच नीट उपयोग होतो. अर्ध्या गुडघ्यात एवढी झटापट नको. पहिल्या आठवड्यात बरं वाटतं म्हणून लोक घरभर फिरतात आणि गुडघा टम्म सुजतो. तिथे वाकणं आपोआप येतं, आधी सूज आवरायची: पाय उंच, बर्फ पंधरा-वीस मिनिटं, चालणं थोडं थोडं. वॉकर अर्ध्यात एक-दोन आठवडे, पूर्णात दोन ते चार. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा.

पिंढरीत एका जागी दुखणं आणि सूज, किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, गुठळीची शंका असते. जखमेतून पाच-सात दिवसांनंतरही पाणी येत असेल, किंवा बरा झालेला गुडघा पुन्हा लाल, गरम आणि दुखरा झाला, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा. जवळच्या डॉक्टरांकडून ‘इन्फेक्शनची’ गोळी मात्र सुरू करू नका. आधी गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासायला जायला हवं. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर जंतू कल्चरमध्ये, म्हणजे ते वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, उगवत नाहीत, पहिल्या काही आठवड्यांत धुऊन आणि गादी बदलून रोपण वाचवण्याची संधी असते तीही निघून जाते, आणि मग सगळं काढून दोन टप्प्यांत नव्याने बसवण्याची वेळ येते.